वर बघतोय की त्यो

कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात मी स्टाफ नर्स आहे. पेशंट पडू नयेत म्हणून आमच्याकडे प्रत्येक बेडच्या वर छताला कॅमेरा आहे. कुणी उठायला लागलं की एआय ते ओळखतं आणि काउंटरवर अलार्म वाजतो. रात्री वॉर्डभर पेशंट आणि दोनच सिस्टर असतात, तेव्हा त्याचा खरंच आधार वाटतो.

राधानगरीकडच्या एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी लघवीची नळी काढलेली. दुपारी मी ड्युटीवर आले तेव्हा स्क्रीनवर त्यांचा बेड हिरवा होता. हालचाल नाही, म्हणजे धोका नाही. जवळ गेले तर आजी चादर हनुवटीपर्यंत ओढून, नजर छताला लावून पडलेल्या. कपाळावर घाम. चादरीखालून हात लावला, तर ओटीपोट टणक, पार बेंबीपर्यंत फुगलेलं. नळी काढल्यापासून लघवीच केली नव्हती.

"आजी, बेडपॅन का मागितलं नाही?"

"मागू कसं पोरी? वर बघतोय की त्यो. मावशी पडदा लावत्यात, पर वरनं समदं उघडंच की."

डॉक्टरांना बोलावलं, परत नळी घातली. जवळजवळ लिटरभर लघवी आली. मूत्राशय इतकं ताणलं गेलं की त्याची आकुंचनाची ताकदच जाऊ शकते, आणि या वयात ती लवकर परत येत नाही. मशीनला हे कळणं शक्यच नव्हतं. पेशंट पडेल का, एवढंच त्याला शिकवलेलं.

फाइलमध्ये संमती होती. इंग्रजी फॉर्म, भरतीच्या गडबडीत मुलाने केलेली सही. आजी पूर्ण शुद्धीवर, तल्लख, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आरोग्यातल्या एआयबद्दल आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात रुग्णाची स्वायत्तता स्पष्ट लिहिलेली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच सांगितलंय. तो काही हॉस्पिटलच्या दारात चपलांसारखा काढून ठेवायचा नसतो.

व्यवस्थापनाचं म्हणणं, फुटेज माणूस बघत नाही, फक्त मशीन बघतं. पण आजींची लघवी अडली ती कुणीतरी बघतंय या धास्तीने. बघणारा माणूस की मशीन, याने त्यांना काय फरक पडणार होता?

मी लेखी दिलं की बेडपॅन देताना कॅमेरा बंद करायचा स्विच सिस्टरच्या हातात द्या, आणि कॅमेऱ्याबद्दल पेशंटला स्वतःला, मराठीत, तोंडी विचारा. स्विच मिळाला. दुसऱ्या मागणीवर अजून "फॉर्म आहे की सिस्टर" हेच ऐकवतात. म्हणून माझ्या शिफ्टला नवीन पेशंट आला, की मीच विचारते आणि तो काय म्हणाला ते नर्सिंग नोट्समध्ये लिहून ठेवते.