दिल्ली दरवाजातला रविवार

वेरूळ झालं. कैलास लेणं लोकांच्या सेल्फ्यांमधून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं, घृष्णेश्वराला रांग बघून बाहेरूनच हात जोडले. लिहायचंय ते त्याआधीच्या दौलताबादबद्दल.

डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा महिना, त्यात रविवार. संभाजीनगरहून पडेगाव, मिटमिटा करत एसटी बरी पळाली. किल्ला मागे पडला आणि खुलताबादच्या घाटाआधी, दिल्ली दरवाजाशी, सगळं ठप्प. किल्ल्याच्या सगळ्यात बाहेरच्या तटातला, अंबरकोटातला हा दरवाजा. रस्ता अजूनही त्याच्या कमानीतूनच जातो आणि मोठी गाडी एका वेळी एकच मावते. पलीकडून सहलीच्या बस, अलीकडून आम्ही, मध्ये कापसाचा टेम्पो. मागे सरायला कुणी तयार नाही. त्यात एका पांढऱ्या गाडीवाल्याने दोन रांगांमध्ये नाक खुपसून उरलीसुरली वाटही बुजवली. असल्यांना लायसन कोण देतं!

वैतागून खाली उतरलो. कमानीच्या आतले दगड ट्रकच्या हौद्याच्या उंचीला घासले गेलेत, कुठे निळा, कुठे केशरी रंग लागलाय. १३२७ साली तुघलकाने इथे राजधानी आणली, त्याची गर्दी तरी पायी आणि घोड्यावर होती.

कडेला पेरू विकणाऱ्या मावशी होत्या. मी ट्रॅफिकबद्दल कुरकुरलो तर म्हणाल्या, "हे काहीच नाही. श्रावणात या. सोमवारी वेरूळची गर्दी, शनिवारी भद्रा मारुतीची."

त्यांचं घर गावात, रस्त्याला लागून. धुणं वाळत घातलं की संध्याकाळपर्यंत त्यावर काळं पुट. घरात कुणी आजारी पडलं तर आधी दरवाजा मोकळा आहे का ते बघायला पोराला पिटाळायचं, मग गाडी काढायची. नातवाचा अभ्यास हॉर्नच्या तालावर. हे सगळं त्यांनी पेरूला तिखटमीठ लावता लावता सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता.

शहरातही एक दिल्ली गेट आहे. तिथे दोन्ही बाजूंनी रस्ते आहेत, गाड्या वळसा घालून जातात. पण तिथली तटबंदी बरीचशी गेलीय. इथे तट उभा आहे, म्हणून वळसा नाही. मी मोठ्या जाणकारीने म्हटलं, "ही वाहतूक दुसरीकडूनच वळवायला पाहिजे. कायमची."

मावशींचा हात थांबला. "मग पेरू कोणाला विकू? किल्ल्यावर येणारे घाईत असत्यात. अडकलेलं माणूसच पेरू घेतंय."

मागे आमच्या कंडक्टरने बेल मारली. सुटे पैसे हातावर ठेवत मावशी म्हणाल्या, "रात्रीचे ट्रक तेवढे बंद करा म्हणावं. रात्री कोण पेरू घ्यायलंय?"