फवारणी करणाऱ्यांनो, अळी शिकते बरं का

कागलकडं आमच्या सोयाबीनवर यंदाही स्पोडोप्टेरा आली, तीच ती तंबाखूची पानं खाणारी अळी, आणि दादाला (चुलतभाऊ माझा, शेती तोच बघतो) म्हटलं निंबोळी अर्क मार, तर म्हणतो "कडू लागलं तर काय झालं, अळीला कसली आलीया अक्कल, हिरवं दिसलं की खातीया." मी कीटकशास्त्र शिकलेय त्यामुळं हे काय मला पटेना, फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितेय.

पानं खाणारे किडे झाड ओळखतात ते जास्त करून वासानं आणि चवीनं. त्यातलं बरंचसं जन्मजात असतं, पण आधी काय खाल्लं, कशाचा त्रास झाला यावर आवडनिवड बदलते. अमेरिकेत तंबाखू-टोमॅटोवर एक मोठी हिरवी अळी पडते, हॉर्नवर्म. ती बटाट्याच्या पानांवर वाढली की त्यातल्या इंडिओसाइड डी या एका घटकाला अशी चटावते की तो नसलेलं पान नाकारायला लागते, अंड्यातून निघाल्यावर हीच अळी बाकीची पानंही खात होती!

याच अळीवरचा 2008 चा प्रयोग तर मला लई आवडतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीत अळ्यांना इथाइल ॲसिटेट या रसायनाचा वास दिला आणि सोबत विजेचा हलका झटका, मग त्या वास आला की लांब जायला शिकल्या. पुढं कोष, आणि कोषात अळीचं शरीर जवळपास सगळं नव्यानं बांधलं जातं, मेंदूसुद्धा बराच बदलतो, तरी बाहेर आलेले पतंग तो वास टाळत होते. कोषावर वास चिकटून राहिला असेल अशी शंका येते, तेही त्यांनी तपासलं, तसं नव्हतं. फक्त हे शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्यांचंच, लहान वयात शिकवलेल्या पतंग होईपर्यंत विसरल्या.

आता दादाच्या कामाचं. शिकणं म्हणजे टाळायला शिकणं एवढंच नाही, सवय होणं पण शिकणंच. कॅनडात मरे आयस्मन यांच्या लॅबनं 1996 साली आपल्याच या स्पोडोप्टेरावर बघितलं की शुद्ध ॲझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं अळीला खाण्यापासून रोखणारं मुख्य द्रव्य) पुन्हापुन्हा दिलं की अळ्यांना त्याची सवय होते आणि त्या ते पान खायला लागतात, पण तेवढंच ॲझाडिरॅक्टिन असलेला कडुनिंबाचा अख्खा अर्क दिला तर सवय होत नाही. अर्कात बाकीची कितीतरी द्रव्यं असतात ना! आणि हे औषधाला दाद न देणाऱ्या किडीसारखं नाही, त्याला पिढ्या लागतात, ही सवय एकाच अळीच्या आयुष्यात लागते. म्हणून मला वाटतं दुकानात नुसता पीपीएमचा, म्हणजे ॲझाडिरॅक्टिन किती आहे त्याचा, आकडा बघून बाटली उचलू नये.

तर दादा, निंबोळ्या घरच्याच घे. 5 किलो चुरा रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळून 100 लिटर करायचं, थोडा साबण टाकायचा आणि ऊन उतरल्यावर मारायचं कारण उन्हात ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही. बांधाला एरंडी लाव, मादी त्यावर पुंजक्यानं अंडी घालते, तेवढी पानं तोडून नष्ट करायची. आणि पानांची जाळी दिसली की लगेच फवारणी, तेव्हा अळ्या बारीक आणि एका जागी असतात, मोठ्या झाल्या की दिवसा मातीत लपतात आणि मग अर्कानं काही होत नाही.