चार थाऊची चूक

बांबूची फ्लाय रॉड, म्हणजे हलकी नकली माशी (फ्लाय) लाइनच्या वजनाने फेकून मासे धरायची काठी, स्वतःच्या हाताने बनवायला घेतली की पहिला प्रश्न हत्यारांचा येतो आणि दुसरा टेपरचा. हत्यारांचा प्रश्न पैसा आणि धीर असला की एकदाच सुटतो. टेपरचा मात्र दर रॉडला नव्याने उभा राहतो. रॉड टोकापासून मुठीपर्यंत कुठे किती जाड असावी, याचा आकड्यांतला नकाशा म्हणजे टेपर. साधारणपणे दर 5 इंचांवर एक माप दिलेले असते. रॉड सहा तिकोनी पट्ट्या चिकटवून केलेली, म्हणून षटकोनी असते; हे माप त्या षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले असते आणि ते इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे वर्कशॉपच्या बोलीतल्या ‘थाऊ’त, लिहिलेले असते.

माझ्या पहिल्या रॉडचा टेपर मी एका जुन्या, सुरेख रॉडवर मायक्रोमीटर लावून उतरवून घेतला होता. 7 फुटांची, 4 नंबरच्या लाइनची (लाइन म्हणजे फेकायची दोरी; नंबर मोठा तितकी ती जड), हातात घेतली की जिवंत वाटणारी ती रॉड होती. सहाही पट्ट्या मी फॉर्ममध्ये, म्हणजे रंधताना पट्टी धरणाऱ्या खाचेच्या साच्यात, ठेवून आकड्याबरहुकूम रंधल्या, चिकटवल्या, घासल्या. आणि तयार झालेल्या रॉडने 4 नंबरची लाइन उचलायला साफ नकार दिला. टोक काठीसारखे ताठ राहत होते. कारण उमगायला बरेच दिवस लागले आणि उमगले तेव्हा स्वतःचेच हसू आले. मी जे मोजले होते ते व्हार्निशसकट मोजले होते. दोन्ही बाजूंना दोन-दोन थाऊ व्हार्निश धरले तर प्रत्येक मापात चार थाऊ जास्तीचे होते, आणि ते सगळे मी बांबूत भरले होते.

चार थाऊ म्हणजे जेमतेम एका जाडसर केसाइतकी जाडी. पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. मुठीजवळ 276 थाऊऐवजी 280 झाले, तर ताठपणा सुमारे 6 टक्क्यांनीच वाढतो. टोकाशी मात्र 66 च्या जागी 70 झाले की तो सुमारे 26 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सगळीकडे सारखीच चूक करूनही रॉड नुसती भारी होत नाही, तिचा स्वभावच बदलतो. त्यात पट्टी निम्म्या मापाची असते. म्हणून एका पट्टीत एक थाऊ चुकला, तर रॉडमध्ये तो दोन होऊन येतो. तेव्हापासून दुसऱ्या कोणी मोजलेला टेपर हाती आला, की तो व्हार्निशवरून घेतलेला आहे की उघड्या बांबूवरून, हे कळल्याशिवाय मी रंध्याला हात लावत नाही.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न उरतो तो निवडीचा. नामांकित कारागिराचा टेपर घ्यावा, असा मोह सर्वांनाच होतो, मलाही झाला. पण मासा किती अंतरावर असणार, हे आधी ठरवावे असे माझे ठाम मत आहे. लाइनचा नंबर तिच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. 4 नंबरसाठी ते 120 ग्रेन (वजनाचे एक छोटे एकक) असते आणि 5 नंबरसाठी 140. अरुंद ओढ्यात आपण 20 फुटांवर फ्लाय टाकतो, त्यातले 8-9 फूट लीडरच, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेला बारीक धागाच, असतो आणि टोकाबाहेर लाइन जेमतेम 10-12 फूट राहते. म्हणजे ज्या वजनासाठी रॉड 4 नंबरची म्हणवते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर ती वाकली पाहिजे. अशा ठिकाणी बारीक, मऊ टोकाचा टेपरच उपयोगी पडतो. ज्या पॅराबोलिक रॉडसाठी अमेरिकन कारागीर पॉल यंग ओळखले जातात, तिची वाक मुठीपर्यंत उतरते. लांबच्या फेकीत ती आनंद देते, पण तिच्या लयीसाठी थांबावे लागते. घाईच्या हाताला ती मानवत नाही, आणि माझा हात घाईचा आहे.

नुसत्या आकड्यांच्या रांगेतून हे सारे दिसत नाही; ते दिसते ताणाच्या आलेखातून. ही पद्धत घडवणारे एव्हरेट गॅरिसन पेशाने अभियंते होते. बाहेरची लाइन, बांबूचे स्वतःचे वजन, लाइन ओवायच्या कड्या आणि फेरूल (रॉडचे तुकडे जोडणारी धातूची नळी) या साऱ्यांचा भार धरून, फेकीच्या झटक्यासाठी त्याची चौपट करून, प्रत्येक मापाशी बांबूवर किती ताण येतो ते त्यांनी काढले. जिथे रेषा उंचावते तिथे रॉड जास्त राबते. आता हे गणित संगणक करतो. मात्र बाहेर किती फूट लाइन धरायची, तो आकडा आपणच भरायचा असतो, आणि इथे खोटी उमेद बाळगली तर पुढचा आलेख कितीही देखणा दिसला तरी निरुपयोगी ठरतो.

जुन्या टेपरांबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी. ते रेशमी लाइनच्या काळातले असतील, तर त्यांच्यापुढे ‘एच-ई-एच’ किंवा ‘एच-डी-एच’ अशी अक्षरे असतात. ती वजन दाखवत नाहीत, जाडी दाखवतात: ‘डी’ म्हणजे 45 थाऊ, ‘ई’ म्हणजे 40. ढोबळमानाने ‘एच-ई-एच’ आजच्या 5 नंबरला आणि ‘एच-डी-एच’ 6 नंबरला जुळते. फेरूलचे मापही आधीच पाहून ठेवावे. ती इंचाच्या चौसष्टाव्या भागात मिळते, त्यामुळे 13 नंबरची फेरूल 203 थाऊची असते, आणि टेपर तिथे 210 मागत असेल, तर बांबू कोरून पातळ करण्याची पाळी येते, तीही सगळ्यात जास्त धोका असलेल्या जागी.

बांबूचाही स्वभाव असतोच. एकाच टेपरच्या दोन रॉड दोन वेगळ्या कळकांतून केल्या तर त्या तंतोतंत सारख्या होत नाहीत. म्हणून सध्या हाती असलेल्या साडेसात फुटी रॉडला मी दोन टोके करतो आहे. एकाचे अग्र टेपरप्रमाणे 70 थाऊचे आहे. दुसऱ्याची पहिली तीन मापे प्रत्येकी तीन थाऊने उतरवली आहेत, म्हणजे अग्राशी ताठपणा सुमारे 16 टक्के कमी. पहिल्याच्या पट्ट्या चिकटवून दोऱ्यात गुंडाळून टांगल्या आहेत. दुसऱ्याची चौथी पट्टी अजून फॉर्ममध्ये आहे आणि मायक्रोमीटर तिच्या टोकाशी साडेचौतीस दाखवतो आहे, साडेतेहेतीस हवेत.