पिंप, पीटी१०० आणि डिस्प्लेसर: लेव्हल रिग अपडेट

मंडळी, रिगचं, म्हणजे लेव्हल मोजायच्या प्रयोगाच्या मांडणीचं, काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, घरातलं २२ लिटरचं तोटीचं स्टीलचं पिंप आहे, सरळ भिंतीचं, त्यातल्या पाण्याची लेव्हल, म्हणजे उंची, वेगवेगळ्या पद्धतीनं मोजायची आणि मग तेच पाणी तापवून कुठला सेन्सर काय बोलतोय ते बघायचं. आपल्याकडे टेंपरेचरचा चॅप्टर वेगळा आणि लेव्हलचा वेगळा असं शिकवतात, पण गरम लिक्विडची लेव्हल कुणी टेंपरेचर न बघता सांगत असेल तर त्या आकड्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

आधी टेंपरेचरचं उरकून घेतो. दोन पीटी१०० (टेंपरेचरप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारे सेन्सर) लावलेत, एक तळाशी एक वर, दोन्ही थ्री वायर (तिसऱ्या वायरमुळे वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा होतो), ते वाचणाऱ्या मॅक्स ३१८६५ चिपच्या बोर्डावर. टू वायरच्या फंदात पडू नका, पीटी१०० चा रेझिस्टन्स डिग्रीला ०.३८५ ओहमनंच वाढतो, म्हणजे वायरमध्ये १ ओहम जास्तीचा आला की अडीच डिग्रीच्या वर चूक झालीच. थर्मोवेल (सेन्सर आत बसतो त्या बंद तोंडाच्या धातूच्या नळ्या) जुन्या बाजारातून उचललेत, रविवारी सकाळी लवकर गेलं तर अजूनही बरा माल मिळतो, फक्त आतलं भोक तपासून घ्या, गंजानं अर्धं बुजलेलं असतं.

दोन सेन्सर का, तर पाणी तापवायला साधा दीड किलोवॅटचा रॉड आहे आणि रॉडच्या खालचं पाणी तापतच नाही. वरचा सेन्सर ६० दाखवतोय आणि तळाचा अजून ३५ लाच बसलाय अशी अवस्था असते. मग डेन्सिटी (घनता, पाणी तापलं की ती कमी होते) कुठल्या टेंपरेचरची धरायची? म्हणून कारची जुनी वायपर मोटर बघा, मी तीच लावलीय, तिला स्टीलची पट्टी जोडून पाणी ढवळायचं, दोन्ही आकडे जुळले की मोटर बंद, रॉड बंद (प्लग काढूनच, आणि लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच), पाणी शांत झालं की रीडिंग. २५ वरून ७५ ला जायला तासभर लागतो, तोवर चहा होतो.

आता लेव्हल. अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाज सोडून प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर सांगणारा सेन्सर, वरून लावला होता, तो वाटेतच गळाला. हवेत आवाजाचा वेग २५ डिग्रीला साधारण ३४६ मीटर आणि ५० डिग्रीला ३६० च्या आसपास, म्हणजे सेन्सरपासून पाणी ४० सेंमीवर असेल तर तो ३८ च्या आसपास सांगतो, पाणी चढलं असं त्याला वाटतं. वाफेनं हवा दमट झाली की वेग अजून थोडा वाढतो, आणि मग सेन्सरच्या तोंडावर थेंब जमले की आकडा नुसता नाचतो. टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (टेंपरेचरप्रमाणे आकड्यात दुरुस्ती) टाकता येतं हो, पण मधल्या हवेचं टेंपरेचर वर एक आणि खाली एक, कुठलं टाकणार.

बबलर मात्र मला फार आवडला. फिश टँकचा एअर पंप, एक बारीक नळी तळापर्यंत सोडलेली, टी जोड लावून एमपीएक्स ५०१० ह्या प्रेशर सेन्सरला जोडलेली. बुडबुडे हळू सोडायचे, नळीत जेवढं प्रेशर तेवढी वर पाण्याची उंची, सेन्सरला गरम पाणी लागतच नाही. इंडस्ट्रीत गाळाच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांवर हेच चालतं. आता गंमत बघा, थंड पाणी ४० सेंमी भरलं, बबलर ४० म्हणाला. ७५ पर्यंत तापवलं. स्टीलची पट्टी बुडवून बघितलं तर पाणी आठेक मिलिमीटर चढलेलं, बबलर अजून ४० वरच. तो खोटं बोलत नाहीये, पाणी फुगलं पण त्याचं वजन तेवढंच राहिलं, आणि प्रेशरला वजनच कळतं, उंची कळत नाही. बॉयलर ड्रमच्या (बॉयलरमधल्या पाणी-वाफेच्या टाकीच्या) लेव्हलला डेन्सिटी कॉम्पेन्सेशन लावतात ते ह्याचसाठी.

आणि म्हणाल बाहेरून पारदर्शक नळी लावून डोळ्यांनी बघू, तर तेही लावलंय. बाहेरच्या नळीतलं पाणी गार असतं, त्यामुळे ते जड, म्हणून नळीतली पातळी आतल्यापेक्षा खालीच दिसते. बॉयलरच्या गेज ग्लासला हेच होतं. डोळ्यांनी दिसतंय ते खरं म्हणणाऱ्यांना हे एकदा दाखवा.

ह्या वेळचं खरं काम डिस्प्लेसरचं, म्हणजे पाण्यात टांगलेल्या, वजनातल्या फरकावरून लेव्हल सांगणाऱ्या दांड्याचं. ५० मिमीचा एसएस पाइप, २५० मिमी लांब, आत वाळू भरून दोन्ही टोकं आर्गन वेल्डिंगनं बंद. वाळू आधी तव्यावर खणखणीत भाजून घेतली, ओलावा राहिला तर वेल्डिंगला वाफ होऊन सांधा फुटतो. पीव्हीसी मुद्दाम टाळलं, ५० डिग्रीत ते स्वतःच जवळजवळ १ टक्का फुगतं आणि जे मोजायचंय त्याचा निम्मा परिणाम खाऊन टाकतं. हा दांडा ५ किलोच्या लोड सेलला (वजन मोजणाऱ्या सेन्सरला) तारेनं टांगलाय, लोड सेल वाफेपासून लांब राहावा म्हणून मध्ये प्लायची फळी, तारेपुरतं भोक पाडलेली. दांडा जेवढा बुडेल तेवढं वजन कमी, बस्स, एवढंच तत्त्व. पूर्ण बुडाला की १०० टक्के.

मुद्दा असा की एकदा पूर्ण बुडाल्यावर वर अजून कितीही पाणी चढवा, त्याला समजत नाही. त्याच्यापुरतं आता फक्त डेन्सिटी बदलते. दांड्याच्या वर १० सेंमी पाणी ठेवून २५ वरून ७५ ला नेलं आणि डिस्प्ले १०० वरून सावकाश ९८ वर आला, म्हणजे १० ग्रॅमचा फरक. टाकी ओव्हरफुल आहे, वरून पाणी अजून फुगतंय आणि मीटर म्हणतोय लेव्हल उतरतेय.

२३ मार्च २००५ ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या बीपी तेल रिफायनरीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १७० फुटांचा टॉवर, लेव्हल ट्रान्समीटर डिस्प्लेसर टाइपचा, त्याची रेंज तळाच्या काही फुटांपुरती आणि कॅलिब्रेशनला धरलेली डेन्सिटी चुकीची. स्टार्टअपला टॉवर भरत गेला, खाली हीटिंग चालू, आणि कंट्रोल रूममध्ये आकडा खाली खाली येत होता. आत १५८ फूट लिक्विड असताना स्क्रीनवर ७८ टक्के, म्हणजे आठ फुटांच्या आसपास. शेवटी झालेल्या स्फोटात १५ माणसं गेली, १८० जखमी. तिथे इतर कारणंही भरपूर होती, हाय लेव्हलचा दुसरा अलार्म वाजला नाही, साइट ग्लास (पातळी डोळ्यांनी बघायची काच) घाणीनं दिसत नव्हती, पण ऑपरेटरला उतरता आकडा दिसत असेल तर त्याला टॉवर भरतोय असं वाटणार तरी कसं? वाचलं तेव्हा मला हे पटकन डोक्यात शिरलं नव्हतं, ९८ चा आकडा समोर उतरताना बघितला तेव्हा नीट कळलं.

पुढचा टप्पा तेलाचा. अख्खं पिंप भरायचं नाही, उभट अरुंद डब्यात चारेक लिटर शेंगदाणा तेल पुरेल. पाण्यात कॅलिब्रेट केलेला दांडा तेलात पूर्ण बुडाला तरी ९१ च दाखवणार, आणि ७५ ला ८८ च्या आसपास जाईल असं गणित सांगतंय. तेलाच्या आजच्या भावात घरून मंजुरी मिळायची बाकी आहे, नंतर तेच तेल तळणाला वापरू हा युक्तिवाद काही चालला नाही.

दुसरं, लोड सेलऐवजी टॉर्क ट्यूबवाला (दांड्याच्या वजनानं पीळ बसणाऱ्या नळीवरून लेव्हल सांगणारा) खरा हेड बसवायचाय. कुणाकडे भंगारात निघालेला असेल, ट्यूब वाकलेली नसलेला, तर सांगा. पुणे किंवा चाकण साइडला असेल तर मी येऊन घेऊन जाईन.