नारिंगी डोक्याचा दगड

मैलाच्या दगडाला डोकं असतं आणि डोक्याला रंग. राष्ट्रीय महामार्गाचं डोकं पिवळं, राज्यमार्गाचं हिरवं, गावरस्त्याचं नारिंगी. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवून मला बावीस वर्षं झाली, पण हे मला ठाऊक नव्हतं. सायकल घेतली तेव्हा कळलं. धुळे-सोलापूर महामार्ग आमच्या धाराशिवच्या अंगावरूनच जातो. चौपदरी, गुळगुळीत, सायकलला एकही हबका बसायचा नाही. पण शेजारून कंटेनर गेला की त्याचा वारा आधी आपल्याला बाहेर ढकलतो आणि मागून आत ओढतो. दोन-तीनदा हा खेळ झाल्यावर मी ठरवून टाकलं: नारिंगी डोकं दिसलं की वळायचं. रस्ता कुठं जातो ते मागाहून बघू.

हे नारिंगी रस्ते बहुतेक प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतले. योजना २००० सालची. रस्त्याच्या तोंडाशी एक मोठा फलक असतो, त्यावर लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव आणि काम पूर्ण झाल्याची तारीख. येणारे-जाणारे त्याकडं ढुंकून बघत नाहीत, मी मात्र उतरून वाचते. पुढची पाच वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची असते, त्यामुळं तारखेत पाच मिळवायचे आणि आजचं साल त्याच्या अलीकडं आहे का बघायचं. अलीकडं असेल तर निवांत जावं. पलीकडं असेल तरी जावं, पण टायरमधली हवा थोडी कमी करून.

बाहेरच्या लोकांना, विशेषतः पुण्याच्या लोकांना, मराठवाडा सपाट वाटतो. रेल्वेच्या खिडकीतून तो तसा दिसतोही. मीही फळ्यावर बालाघाटाच्या समोच्चरेषा काढायचे त्या अशा लांब लांब, आळसावलेल्या, आणि पोरांना सांगायचे, रेषा दूर तर उतार सौम्य. सौम्य हा शब्द मी आता वर्गात जपून वापरते. बालाघाटात शिखरं नाहीत, घामटं काढणारा मोठा घाटही फारसा नाही. आहेत ते माळ आणि ओढे. माळावरून ओढ्यात उतरायचं, फरशीवरून पलीकडं जायचं, पुन्हा माळावर चढायचं. श्वास जागेवर येतोय तोवर पुढचा ओढा हजर. एका चढाचं काही वाटत नाही, अकराव्या चढाला मात्र समोच्चरेषा मांड्यांत उमटते. या डोंगरपट्ट्याच्या एका अंगाचं पाणी सीनेतून भीमेला जातं, दुसऱ्या अंगाचं तेरणा-मांजरेतून गोदावरीला. नकाशावर ही सीमा ठळक दाखवता येते. सायकलवर असताना ती कधी ओलांडली ते कळत नाही. पायडल हलकं झालं की समजायचं, आता पाणी आपल्या बाजूनं आहे.

माती मात्र डोळे मिटूनही कळते, सीटवरून. डांबराखाली काळी असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता लाटा घ्यायला लागतो. बरड आला, खाली मुरूम आला, की सायकल एकदम गप्प होते. आणि टेकाडावर पवनचक्क्या दिसल्या की मुकाट खालचा गिअर टाकायचा. त्या कंपन्यांनी वारा मोजून जागा निवडल्यात. जून-जुलैत पश्चिमेकडं तोंड करून इथं सायकल चालवणं म्हणजे दार उघडत नसताना ढकलत राहणं.

माझा नेहमीचा रस्ता तेरचा. धाराशिवहून जाताना एकंदर उतार, येताना चढ, म्हणजे हौस आधी आणि हिशेब नंतर. पहाटे निघावं. थंडीत दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर, मध्येच करडईचा काटेरी पट्टा, हरभऱ्यावर दव. सोयाबीनच्या सुगीत निम्म्या रस्त्यावर रास वाळत घातलेली असते. तिथं उतरून चालत जायचं, दुसऱ्याच्या धान्यावरून चाक न्यायचं नाही. पुढं तेरणेचं पात्र, बहुतेक महिने कोरडंच, आणि काठाला गोरोबाकाकांचं मंदिर. याच तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असल्याचं लिहिलंय, आणि इथलं जाडंभरडं कापड नि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायची तीही रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून. हा तपशील वर्गात सांगितला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘मॅडम, अजून तसंच हाय.’

रेल्वेलाही हा मुलूख सोपा गेला नाही. बार्शीहून येडशी-ढोकी करत लातूरला जाणारी जुनी रेल्वे अडीच फूट रुळांची. टेकाडांना वळसे घालत ती इतकी सावकाश जायची, की माणसं उतरून, मोकळी होऊन पुन्हा चढायची असं माझे वडील सांगत. मला ती गोष्ट थाप वाटायची. आता येडशीच्या बाजूला चढाला लागले की त्या इंजिनाबद्दल जिव्हाळा वाटतो.

रस्ते निवांत म्हणजे वाहनं कमी, एवढंच. माणसं असतात, आणि ती विचारतात.

‘कुठं निघालाव मॅडम?’

पहिल्यांदा पारावरच्या एका आजोबांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. कुठं नाही, सहज. त्यांनी सायकलकडं बघितलं, माझ्या हेल्मेटकडं बघितलं, घामाकडं बघितलं. सहज कुणी एवढं दमत नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गाडी बंद पडली का? नाही. पेट्रोल परवडत न्हाई का? तसं नाही. मग त्यांचा चेहरा उजळला. ‘शुगर हाय व्हय?’

मला पुढं जायचं होतं. हौ म्हणाले.

तेव्हापासून त्या गावात मला शुगर आहे. आजोबांनी कारल्याच्या रसाचं प्रमाण सांगितलं, ते मान हलवून ऐकलं. पुढच्या खेपेला फाट्यावरच्या टपरीवाल्यानं न विचारता माझ्यापुढं बिनसाखरेचा चहा ठेवला. ‘आण्णांनी सांगितलंय.’ धाराशिवात मी दोन चमचे साखर घेते. या रस्त्यावर चार वर्षं झाली, फिका चहा पितेय.

येळवशीला मात्र पथ्य पाळलं जात नाही. मार्गशीर्षातली ही अमावास्या, वेळ अमावास्या म्हणा, आमच्याकडं आणि लातूरकडं दिवाळीपेक्षा मोठी. शहरं ओस पडतात, सगळी माणसं रानात. एरवी ज्या रस्त्यावर तासाभरात दोन मोटारसायकली भेटतात तिथं त्या दिवशी टेम्पो, ट्रॅक्टर, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप, आत चुना लावलेले पांडव. त्या दिवशी सायकल घेऊन निघायची चूक मी एकदा केली. तेरपर्यंत जायचं होतं, तीन रानांपलीकडं गेले नाही. पहिल्या रानात हाक आली ती ओळखीची होती, एक जुनी विद्यार्थिनी. दुसऱ्या रानातल्यांनी नावही विचारलं नाही, फक्त द्रोण हातात दिला. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी. तिसऱ्या कोपीत आण्णाच बसलेले. पोळीवर गूळ ठेवत म्हणाले, आजच्या दिवस चालतंय, उद्या कारलं डबल घ्या. परतीचा चढ मी सायकल हातात धरून चढले. आंबील प्यालेल्या माणसानं पायडल मारायचं नसतं, पोटात घागर हिंदकळते.

थंडीतला दुसरा त्रास बाभळीचा. कुंपणाला तोडलेल्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेतात, त्यातला एखादा काटा माझ्यासाठी राखून ठेवलेला असतो. एकदा फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं ट्यूब झकास जोडून दिली आणि हवा भरायला गेला तर पंपच बसेना. माझ्या सायकलला तो बारीक परदेशी वॉल. त्यानं वॉलकडं असं बघितलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. ‘एवढ्या महागाची सायकल, अन् हवा भराया येत न्हाई.’ आता खिशात चिमुकलं पितळी टोपण असतं, ते वॉलवर फिरवलं की कुठलाही पंप चालतो. टोपणाची किंमत सायकलच्या किमतीच्या मानानं नगण्य, पण ते मला सायकलवाल्या दुकानदारानं दिलं नव्हतं.

आण्णांची खरी तक्रार वॉलची नव्हतीच. ‘कॅरेज कुठाय हिला?’ हे ते दर खेपेला विचारत. कॅरेज नसलेल्या सायकलला काय अर्थ, हे त्यांच्या नजरेत स्पष्ट. आमच्या रविवारच्या गटातले लोक ग्रॅममध्ये वजन कमी करतात, बाटलीची कडी बदलतात. तरी गेल्या महिन्यात मी गावातल्या जुन्या सायकलवाल्याकडं जाऊन मागं काळं, जाडजूड, स्प्रिंगचं कॅरेज बसवून घेतलं. गटात फोटो टाकला नाही.

आण्णांनी स्प्रिंग दोनदा उचलून सोडून बघितली. टणक् असा आवाज आला. ‘आता झाली सायकल,’ म्हणाले, आणि सुनेला हाक मारली. ती आतून मिक्सरचं भांडं घेऊन आली. पातं फिरत नाही, धाराशिवात नीट करून मिळेल, घाई काही नाही, पुढच्या रविवारी आणलं तरी चालेल. सोबत हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंडी, ती माझ्यासाठी, शुगरला बरी म्हणून.

भांडं बुधवारी दुरुस्त होऊन आलंय. ओट्यावर पालथं घातलंय. रविवारी कुणी विचारलं, कुठं निघालाव, तर सांगायला आहे.