देवघेवीची खिडकी

आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात देवघेव वहीतच चालते. बाबा कार्यकारिणीवर. दिवाळीला गावी गेलो तेव्हा फर्मान निघालं : "एवढा कॉम्प्युटर शिकलास ना, मग आमची देवघेव त्यावर करून दे."

मी पायथन भाषेत प्रोग्राम लिहितो, पण ते सगळं काळ्या टर्मिनलात चालणारं. बटण आयुष्यात बनवलं नव्हतं. वाचनालयात विंडोज, खजिनदारकाकांकडे मॅक, माझ्याकडे उबंटू, म्हणजे लिनक्स. इंटरनेट तिथे असून नसल्यासारखं, त्यामुळे वेबसाइटचा विचार पहिल्याच दिवशी सोडला.

सुरुवात खिडक्या-बटणं बनवणाऱ्या टीकेइंटरने केली, कारण ते पायथनच्याच अधिकृत संचातलं आहे. अर्ध्या तासात खिडकी उघडली, बटण आलं. मग लेबलवर 'कवितासंग्रह' लिहिलं आणि वेलांटी 'व'च्या पलीकडे जाऊन बसली, 'ग्र' फुटला. दोन संध्याकाळी फॉन्ट बदलण्यात घालवल्या. दोष फॉन्टचा नव्हताच. देवनागरी ज्या क्रमाने टाइप होते त्या क्रमाने दिसत नाही. वेलांट्या नि जोडाक्षरं जागच्या जागी बसवणारा वेगळा थर लागतो आणि माझ्या उबंटूवरच्या टीकेइंटरमध्ये तो नव्हता. क्यूटी नावाच्या दुसऱ्या संचात त्यासाठी हार्फबझ हा थर आहे असं कळलं, म्हणून गाशा गुंडाळून तिकडे गेलो.

क्यूटी मूळचं नॉर्वेचं, पहिली जाहीर आवृत्ती 1995ची. एका कर्त्याला त्याच्या ईमॅक्स या एडिटरच्या फॉन्टमध्ये 'क्यू' हे अक्षर देखणं वाटलं, म्हणून ते नावात आलं. उच्चार म्हणे 'क्यूट' करायचा. मला ते चारचौघांत म्हणवत नाही.

पायथनमधून ते वापरायला पायसाइड-6 घेतलं. बटण दाबलं की सिग्नल सुटतो, तो कुठल्या फंक्शनला जोडायचा ते आपण ठरवतो, हे लगेच पटलं. खरा घाम फोडला तो इव्हेंट लूपने. वाचनालयाची 14 हजार पुस्तकांची यादी एक्सेलमधून आत घ्यायला लागलो की खिडकी पांढरी पडायची आणि 'प्रतिसाद देत नाही' असा संदेश यायचा. कोड तर चालूच असायचा! डोक्यात प्रकाश पडला तो वाचनालयाचं काउंटर आठवल्यावर. इव्हेंट लूप म्हणजे खिडकीवर बसलेला एकटा माणूस. क्लिक, टाइप केलेलं अक्षर, खिडकी पुन्हा रंगवणं, सगळं रांगेत उभं असतं आणि तो एकेक निपटतो. त्यालाच मागे कपाटं मोजायला पाठवलं, तर रांग तुंबणारच.

मग यादी वाचायचं काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे त्याच प्रोग्राममधल्या दुसऱ्या कामगाराला, दिलं. त्या थ्रेडमधूनच तक्त्यात ओळी भरायचा शहाणपणा केला, तर प्रोग्राम कधी चालायचा, कधी गपकन मरायचा. पडद्याला हात फक्त मुख्य थ्रेडनेच लावायचा, बाकीच्यांनी सिग्नलने निरोप द्यायचा, हा नियम असा ठेचकाळून शिकलो. तरी तक्ता सुस्तच. कारण क्यूटीच्या क्यूटेबलविजेट या तयार तक्त्यात मी प्रत्येक चौकटीसाठी एक वस्तू बनवत होतो. तक्ता दाखवणारा क्यूटेबलव्ह्यू आणि माहिती सांभाळणारं मॉडेल अशी फोड केली, तेव्हा पडद्यावर दिसतात तेवढ्याच ओळी मागितल्या जाऊ लागल्या आणि तक्ता सुळसुळीत झाला. हे आधी केलं असतं तर थ्रेडच्या भानगडीत पडावं लागलं असतं का, अशी शंका मला अजून आहे.

पायथनच्या कोडची थेट उघडणारी फाइल पायइन्स्टॉलर बनवतो, पण त्याने विंडोजची फाइल उबंटूवर बनत नाही, ज्या यंत्रणेची हवी तिच्यावरच बसावं लागतं. मित्राचा विंडोज लॅपटॉप घेतला, फाइल बनवली, पेनड्राइव्ह घेऊन एसटीने गावी गेलो. वाचनालयातला कॉम्प्युटर निघाला विंडोज 7. क्यूटी 6ला विंडोज 10 लागतं. पायथनही 3.8च्या पुढचं विंडोज 7वर चालत नाही. 'एकच कोड सगळीकडे चालतो' हे मी सगळ्यांना ऐकवलं होतं, पण त्या सगळीकडेत काय काय येतं हे एक फोन करून विचारलं नव्हतं.

परत येऊन सगळं पायथन 3.8 आणि जुन्या क्यूटी 5च्या पायसाइड-2वर उतरवलं. क्यूअ‍ॅक्शन वेगळ्या मोड्यूलमधून आणायचं, एक्झेक या फंक्शनच्या नावाला शेवटी अंडरस्कोअर लावायचा, अशी किरकोळ दुरुस्ती होती. एक रविवार पुरला. मॅकवर फारसं काही करावं लागलं नाही. मेनू आपोआप वरच्या पट्टीत गेला, कंट्रोलच्या जागी कमांड आलं.

दुसऱ्या खेपेला प्रोग्राम उघडला. ग्रंथपालबाईंनी दाखल क्रमांक टाइप केला, एंटर दाबलं, आणि नोंदीची चौकट नाहीशी झाली.

"अरे, हे तर निघूनच गेलं."

मी नेहमी माउसने क्लिक करायचो, त्यामुळे कधी लक्षातच आलं नव्हतं. क्यूटीच्या अशा चौकटीत, म्हणजे क्यूडायलॉगमध्ये, एंटर दाबलं की डिफॉल्ट बटण दाबलं जातं. ते आपण ठरवलं नसेल तर पहिलं बटण डिफॉल्ट होतं. माझं पहिलं बटण होतं 'बंद करा'. तिथेच बसून दुरुस्त केलं, टॅबचा क्रमही बाई सांगतील तसा लावला : आधी सभासद, मग पुस्तक.

वही मात्र त्यांनी मिटलेली नाही. मार्चपर्यंत दोन्हीकडे लिहिणार म्हणाल्या.