तुम्ही विचारलंत म्हणून: अंधुक उजेड आणि पहिला कॅमेरा

"पहिला डीएसएलआर घ्यायचाय. घरात, संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात फोटो चांगले यायला हवेत. कोणता घेऊ?" हा प्रश्न तुम्ही विचारलात, तुमच्याआधीही पुष्कळांनी विचारलाय. (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा.) विचारणाऱ्याने बहुतेक वेळा दोन-तीन मॉडेलं आधीच हेरून ठेवलेली असतात आणि त्यातल्या एकावर मी बोट ठेवावं एवढीच अपेक्षा असते. मी मात्र आधी उलटा प्रश्न विचारते: फोटो कशाचे काढायचेत, आणि ते हलतं का?

असं का विचारते, ते सांगते. माझ्याकडे पहिला कॅमेरा आला तो सुरुवातीच्या श्रेणीतला, सोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या किट लेन्ससकट. एका संध्याकाळी आजी टेबलावरच्या दिव्याशेजारी बसून सुईत दोरा ओवत होती. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, सुई दिव्यासमोर धरायची, डोळे बारीक करायचे, नेम चुकला की पुन्हा टोक ओठांत. मी झूम पुढे सरकवून ५५ वर आणला आणि वीस-पंचवीस फोटो काढले. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १६०० होता. या लेन्सवर एफ/३.५-५.६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे झूम पुढच्या टोकाला नेला की छिद्र एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. त्या उजेडात कॅमेऱ्याने शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, दिलं १/१५ सेकंद.

संगणकावर मोठे करून पाहिले. दिव्याच्या कापडी टोपाचा धागा न् धागा दिसत होता. मागच्या भिंतीचा पोपडा स्वच्छ दिसत होता. आजीची बोटं मात्र फिसकटलेली, आणि सुईचं टोक गायब. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन होतं आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं: माझ्या हाताचा कंप त्याने सावरला. आजीच्या हाताचा कंप थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. समोरचं माणूस हलत असेल तर त्याला फक्त वेगवान शटर थोपवतं, आणि वेगवान शटरला उजेड लागतो.

कॅमेराच कमी दर्जाचा आहे असं वाटून मी महागड्या बॉडीसाठी (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यासाठी) पैसे साठवायला लागले होते. तेवढ्यात एका मैत्रिणीने तिची ५० मिमी एफ/१.८ लेन्स दोन दिवस वापरायला दिली. तीच बॉडी, तोच दिवा, तोच आयएसओ १६००. शटर मिळालं १/१६०. बोटं जागच्या जागी थांबली.

हे गणित एकदा समजून घ्या, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर उभी आहे. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, आणि उजेड वाढतो तो त्या आकड्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने. ५.६ भागिले १.८ म्हणजे ३.१, त्याचा वर्ग ९.७ च्या आसपास. जवळजवळ दहापट उजेड, छायाचित्रकारांच्या भाषेत सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एवढीच भर आयएसओने घालायची तर १६०० वरून जवळपास १६,००० वर जावं लागेल. आणि उजेड टिपणारा सेन्सर मोठा घेऊन? साध्या डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.६ × १५.७ मिमीचा असतो (कॅननचा याहून किंचित लहान), फुल फ्रेम ३६ × २४ मिमीचा. क्षेत्रफळ साधारण २.३ पट, म्हणजे फायदा एका स्टॉपहून थोडा जास्त. फुल फ्रेम बॉडीने जिथे एका स्टॉपच्या आसपास मिळतं, तिथे ही छोटीशी प्लॅस्टिकच्या नळीची लेन्स तीन स्टॉपांहून जास्त देते. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: बॉडी साधी घ्या, जुनी चालेल, पण एक उजळ प्राइम लेन्स पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या. प्राइम म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची (मिमीचा एकच आकडा असलेली).

पण कोणती, ३५ की ५०? इथे मी ठाम आहे. खोलीत फोटो काढायचे असतील तर ३५. एपीएस-सी बॉडीवर ५० मिमी लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० मिमीसारखी वागते. एका चेहऱ्यासाठी ती सुंदर आहे, पण दोन माणसं चौकटीत बसवायला मागे मागे सरकत तुमची पाठ भिंतीला टेकते. निकॉनसाठी एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी ही लेन्स २००९ पासून आहे. पहिल्या लेन्सचा मान मी तिलाच देईन. कॅननमध्ये तिच्या तोडीचं थेट उत्तर नाही. तिथे २०१५ साली आलेली ५० मिमी एफ/१.८ एसटीएम आहे, ती थोडी लांब पडते. २४ मिमी एफ/२.८ एसटीएम चपटी आणि गोड आहे, पण उजेडात सव्वा स्टॉप मागे. आणि ३५ मिमी एफ/२ आयएस उत्तम आहे, पण खिसा हलका करते. सिग्माची ३० मिमी एफ/१.४ दोन्हीकडे चालते, फक्त आपल्या माउंटची (कॅमेऱ्याला लेन्स बसवायच्या जोडाची) मागून घ्यायची.

झूम सोडवतच नसेल तर १७-५० एफ/२.८ सारखी लेन्स पाहा. टॅमरॉन आणि सिग्मा दोघांच्याही आहेत. संपूर्ण पल्ल्यात एफ/२.८ टिकतो, म्हणजे लांबच्या टोकाला किट लेन्सच्या चौपट उजेड.

आता बॉडीबद्दल. मेगापिक्सेल विसरा. तीन गोष्टी मात्र बघाच. पहिली, निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी प्रकारची, स्वतःची मोटर नसलेली ५० मिमी स्वस्तात मिळाली म्हणून कुणी घेतं आणि मग ती हाताने फोकस करत बसावी लागते. डी७००० मालिकेत मोटर असते. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का ते वाचा (एएफ-पी फार जुन्या बॉडींवर चालत नाही, तेही बघा). दुसरी, व्ह्यूफाइंडर. स्वस्त बॉडींमध्ये आतला आरशांचा असतो, वरच्या श्रेणीत काचेच्या प्रिझमचा; अंधाऱ्या खोलीत डोळा लावलात की फरक लगेच कळतो, प्रिझम मोठा आणि उजळ दिसतो. तिसरी, लेन्सचा फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर तो बॉडीतूनच दुरुस्त करायची सोय, ऑटोफोकस फाइन ट्यून. ती बहुतेक साध्या बॉडींत नसते. एफ/१.८ वापरणाऱ्याला तिची गरज पडू शकते. पेंटॅक्सचं स्टॅबिलायझेशन बॉडीतच असतं, त्यामुळे जुन्या प्राइम लेन्सनाही त्याचा लाभ मिळतो. ज्यांना जुन्या लेन्सांची आवड आहे त्यांनी तिकडे जरूर बघावं.

लेन्सचं छिद्र मोठं उघडलं की त्याची किंमतही मोजावी लागते, आणि ही बाब दुकानात कुणी सांगत नाही. ५० मिमीवर एफ/१.८ ला, एक मीटर अंतरावर, एपीएस-सी सेन्सरवर स्पष्ट दिसणारा पुढे-मागचा पट्टा असतो जेमतेम तीन सेंटिमीटर. आजीच्या त्या दुसऱ्या संध्याकाळी हे मला प्रत्यक्ष दिसलं. सुईवर फोकस केला तर दोऱ्याच्या टोकाला सुटलेले दोन तंतूसुद्धा मोजता येत होते, पण तिचे डोळे मऊ धुक्यात. डोळ्यांवर फोकस केला तर पापण्या स्पष्ट, आणि सुई म्हणजे नुसती चंदेरी रेघ. एफ/२.८ केलं तर हा पट्टा साडेचार सेंटिमीटरच्या आसपास होतो, शटर मात्र १/६० वर येतं. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. काय दाखवायचं ते ठरवावं लागतं. मी सुई निवडली.

अशा वेळी फोकसचे सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. एकच बिंदू निवडा, शक्यतो मधला, कारण कमी उजेडात तोच सर्वात भरवशाचा असतो. तो अशा जागी टेकवा जिथे उजेड आणि सावलीची कड आहे: पापणी, चष्म्याची काडी, कॉलरची कड. सपाट गालावर ऑटोफोकस चाचपडत राहतो.

आयएसओला घाबरू नका. "८०० च्या वर जाऊ नको, दाणे येतात" हा सल्ला ऐकून मी कितीतरी चांगले क्षण काळवंडून घालवले. ८०० वर काढलेला अंधारा जेपीईजी नंतर ओढून उजळलात की सावल्यांत रंगीत ठिपके उठतात; त्यापेक्षा ३२०० वर नीट उजळ काढलेला फोटो कितीतरी बरा दिसतो. दाणे सहन होतात, हललेला चेहरा कशाने दुरुस्त होत नाही. आणि रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा रंग मुळात फार कमी असतो. रंग सुधारताना तो निळा ओढून वाढवावा लागतो, आणि सगळ्यात जास्त दाणे तिथेच दडलेले असतात. आठ बिटांच्या जेपीईजीत ही ओढाताण लगेच उघडी पडते; रॉ फाइलमध्ये १२ किंवा १४ बिट असतात, तिथे बराच वाव राहतो.

दिव्यांची आणखी एक खोड आहे. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे ट्यूबलाइट आणि पुष्कळसे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, १/२०० च्या शटरला कळतं: एक फोटो उजळ, पुढचा मळकट, एखाद्यात आडवा पट्टा. तसं झालं तर १/१०० किंवा १/५० वर या. आणि कॅमेऱ्याला हात लावण्याआधी समोरच्या माणसाला दिव्याकडे सरकवून बघा. एका लहान दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. दोन स्टॉप, एक पैसा न खर्चता.

"पण आता मिररलेसचा जमाना आहे ना?" आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांबद्दल हेही सगळे विचारतात. आहे. कॅनन आणि निकॉनने आपले शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आणले. त्यानंतर त्यांचं लक्ष मिररलेसवर आहे. भरपूर पैसे असतील तर मिररलेस घ्या, अंधारातला डोळ्यावरचा फोकस तिथे खरोखर सोपा झालाय. पण बेताच्या पैशांत उजळ लेन्ससकट कॅमेरा हवा असेल तर वापरलेला डीएसएलआर मला आजही शहाणपणाचा वाटतो. त्याच्या लेन्स नंतर कधीतरी अ‍ॅडॅप्टर लावून त्या त्या कंपनीच्या मिररलेसवर वापरता येतात.

वापरलेला घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा. साध्या बॉडींचं शटर साधारण एक लाख वेळा टिकेल अशा हिशेबाने बनवलेलं असतं. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. धुळीचे दोन-चार कण चालतात, बुरशी नाही.

आणि तुमच्या उत्तरात "हलत नाही" असं आलं, म्हणजे रात्रीच्या इमारती, रिकामे रस्ते, टेबलावरच्या वस्तू, तर वरचं जवळपास सगळं बाजूला ठेवा. किट लेन्स, एफ/८, आयएसओ १००, दहा सेकंद आणि एक दणकट ट्रायपॉड. तिथे पैसे ट्रायपॉडवरच घाला.

माणसंच काढायची असतील तर लेन्स घेण्याआधी एवढं करा. कुणाचा तरी किट लेन्सचा कॅमेरा दोन दिवस मागून आणा. पहिल्या दिवशी झूम ३५ वर ठेवून कडं चिकटपट्टीने पक्कं करा आणि दिवसभर घरातले फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ५० वर. फोटो अंधारे आले, हलले, तरी चालतील. कुठल्या दिवशी पाठ भिंतीला लागली आणि कुठल्या दिवशी नाही, तेवढं मला कळवा; मग लेन्स ठरवू.